मदत हवी आहे: 35 वर्षांच्या बोन्सायची योग्य किंमत किती?

प्रतापनगरकर:
नमस्कार. माझ्या काकांनी 35 वर्षे सांभाळलेला बोन्साय विकायचा आहे. काकूंच्याने आता गच्चीचे जिने चढवत नाहीत आणि मला नोकरीमुळे दिवसातून दोनदा पाणी घालणे जमत नाही. एका गृहस्थांनी 12,000 रुपये देऊ केले असून रविवारपर्यंत उत्तर मागितले आहे. जपानमध्ये जुनी झाडे प्रचंड किमतीला विकली जातात असे वाचल्यापासून हा आकडा मला फार कमी वाटतो. कृपया थेट किंमत सांगावी, वेळ कमी आहे.

गच्चीतील बाग:
आपण झाड कोणते ते लिहिलेलेच नाही. उंची, मातीलगत खोडाचा घेर, कुंडी मातीची की सिमेंटची, मुळे चारही बाजूंनी दिसतात की एकाच बाजूने, यांतील काहीही कळल्याशिवाय आकडा सांगणे म्हणजे घर न पाहता भाडे ठरवण्यासारखे आहे.

धंतोलीचे आजोबा:
माझ्या मते वय हीच खरी किंमत आहे. वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयातील पाइन 1625 पासून घडवला जात आहे आणि हिरोशिमावर 6 ऑगस्ट 1945 रोजी बॉम्ब पडला तेव्हा तो त्याच शहरात होता. अशा झाडापुढे घेर आणि कुंडी यांची चर्चा गौण ठरते. 35 वर्षे म्हणजे एक पिढी होय, तिचे मोल 12,000 असू शकत नाही.

मुळापासून:
आजोबा, आदरपूर्वक असहमती नोंदवतो. तो पाइन यामाकी कुटुंबाने 1976 मध्ये अमेरिकेला भेट दिला, विकला नाही. आणि त्याचे महत्त्व नुसत्या वर्षांत नसून एकाच घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या त्याला दिलेल्या आकारात आणि त्याच्या ज्ञात इतिहासात आहे. टोकियोच्या कोकुफू प्रदर्शनात 1934 पासून झाडे मांडली जातात आणि तिथे निवड झालेल्या झाडाचा भाव वाढतो, कारण जाणकारांनी ते पारखलेले असते. नुसते वय पाहायचे तर रस्त्याकडेचा प्रत्येक कडुनिंब मौल्यवान ठरेल.

पारखताना मी प्रथम मातीलगत पाहतो. मुळे सर्व बाजूंनी पसरून जमिनीला घट्ट धरून बसलेली असावीत. खोड तळाशी रुंद आणि वर क्रमाने निमुळते व्हावे, मध्येच फुगलेले नसावे. त्यानंतर फांद्यांच्या टोकांशी बारीक काड्यांचे जाळे किती दाट आहे ते बघावे, कारण जाड खोड जमिनीत लावून काही वर्षांत मिळते, हे जाळे मात्र वर्षानुवर्षांच्या छाटणीशिवाय येत नाही. सर्वांत शेवटी झाड फिरवून मागची बाजू पाहावी, कारण करवतीने कापलेली जखम तिथेच लपवलेली असते.

प्रतापनगरकर:
झाड वडाचे आहे, उंची अंदाजे 2 फूट. पाने लहान, चकचकीत आणि टोकाला लांब निमुळती आहेत. कुंडी उथळ व लांबट आहे. आता तरी आकडा मिळेल का?

गच्चीतील बाग:
वडाची पाने रुंद आणि बोथट टोकाची असतात. आपले वर्णन वडाच्याच कुळातील फायकस बेंजामिना या शोभेच्या झाडाशी जुळते. किमतीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे: बेंजामिनाचे रोप कोणत्याही रोपवाटिकेत स्वस्त मिळते, त्यामुळे त्याला मिळणारा सारा भाव घडणीचा असतो. ही घडण सोपीही नाही, कारण फांदीवर एकही पान न ठेवता ती कठोर छाटली तर पुष्कळदा वाळून जाते.

शुभचिंतक:
माझ्या अनुभवाप्रमाणे घरात खुंटवलेले झाड ठेवणे शुभ नसते. मिळेल त्या किमतीत देऊन टाकावे आणि त्या जागी तुळस लावावी.

मुळापासून:
प्रश्न किमतीचा आहे, तो शुभाशुभाचा नाही. शिवाय बोन्साय खुंटवलेला नसतो. नियमित छाटणीनंतर तो दर पावसाळ्यात नवी पालवी धरतो.

कूलरवाले:
विचारले नाही तरी सांगतो, कारण आपल्याकडे मे महिन्यात हीच चूक घरोघरी होते. कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी झाडांना घालू नये. ते दिवसभर उडत राहते आणि क्षार मागे राहून पाणी दाट होते. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी खपली दिसते, मग पाने पिवळी पडतात.

प्रतापनगरकर:
ही गोष्ट लिहायची राहिली. काका गेल्या दिवाळीत गेले आणि एप्रिलपासून मी खरोखरच कूलरचे पाणी घालत आहे. पांढरी खपली आहे आणि एका बाजूची पाने गळत आहेत. आज सुतळीने मोजले तेव्हा मातीलगत घेर 31 सेंमी भरला. मुळे तीन बाजूंनी उत्तम पसरली आहेत, चौथ्या बाजूला काहीच नाही. एका फांदीवर आकार देण्यासाठी गुंडाळलेल्या तारेचा वेढा सालीत रुतल्याचे वळ स्क्रूच्या आट्यांसारखे उमटलेले आहेत. मागे रुपयाच्या नाण्याएवढी जुनी जखम आहे, तिच्या कडेने साल जवळजवळ मिटत आली आहे.

मुळापासून:
आता चित्र स्पष्ट झाले. 31 सेंमी घेर म्हणजे खोड सुमारे 10 सेंमी जाड आणि उंची 60 सेंमी, म्हणजे जाडीच्या सहापट. हे प्रमाण चांगले मानले जाते. मिटत आलेली जखम ही जमेची बाजू आहे. मुळांची रिकामी बाजू आणि तारेचे वळ यांमुळे भाव उतरतो, परंतु सर्वांत मोठी उणीव आजची पानगळ आहे, कारण घेणाऱ्याला फांद्या जगतील की नाही हे कळत नाही. साधे पाणी तळातून वाहून जाईपर्यंत दोन-तीनदा घालून क्षार धुऊन टाकावेत आणि झाड हिरव्या जाळीखाली ठेवावे. त्या गृहस्थांना पाऊस स्थिरावेपर्यंत थांबण्याची विनंती करावी. बारीक काड्यांचे जाळे दाट असल्यास नव्या पालवीनंतर आपण अधिक मागू शकाल. आज मात्र 12,000 हा अन्यायाचा आकडा नाही.

धंतोलीचे आजोबा:
वयाचा पुरावा काही आहे का?

प्रतापनगरकर:
काकूंकडे काकांची वही आहे. कुंडी कधी बदलली, तार कधी काढली, कोणती फांदी कापली, हे सारे तारखेसह लिहिलेले आहे. तिला किंमत असेल असे वाटले नव्हते.

मुळापासून:
झाडाचा ज्ञात इतिहास म्हणतात तो हाच. वही स्वतःजवळ ठेवावीशी वाटत असेल तर पानांच्या छायाप्रती झाडासोबत द्याव्यात. रविवारी गृहस्थ येणार असतील तर झाड गच्चीवरून खाली आणताना दोघांनी कुंडीला तळातून धरावे, खोडाला धरून उचलू नये.