मदत हवी आहे : घर विकायचं, आधी रंग की आधी कागद?

नमस्कार मंडळी. मानेवाड्याचं आमचं जुनं घर दिवाळीनंतर विकायला काढायचं आहे. प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजचा, आखीव पत्रिकेवर (म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर) अजून बाबांचंच नाव. आधी वारसांची नावं चढवून मगच प्रन्यासची एनओसी मागायची, की दोन्ही सोबत चालतं?

गच्चीतून ओल उतरते, अन् कूलरच्या पाण्यानं खिडकीखालची भिंत पार फुगली आहे. दलाल म्हणतो, पुट्टी मारून रंग द्या. मला नाही पटत. पहिल्याच पावसात पोपडे निघतील अन् घेणारा शिव्या घालेल. गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं तर तो पैसा भावात निघतो का? की लोक प्लॉटचाच भाव करतात अन् घर पाडतातच? इतक्यात कोणी विकलं असेल तर सांगा जी.