खणाच्या कापडाची वही: पुठ्ठा वाकतोय, फेविकॉल वर येतंय

घडीवही (प्रश्न)
मंडळी, आम्हा सहा जणींच्या अदलाबदलीत प्रत्येकीने हाताने केलेल्या पाच वस्तू द्यायच्या आणि पाच घ्यायच्या, असं ठरलंय. मी खणाचं कव्हर असलेल्या वह्या करायला घेतल्यात. ए४ मापाचे ७५ जीएसएमचे ८ कागद मधोमध दुमडून ए५ची एक घडी, तीन भोकांची शिवण, २ मिमीचा पुठ्ठा, वरून खण. फेविकॉल निम्मं पाणी घालून थेट कापडाच्या उलट बाजूला लावते.

दोन नमुने झाले, दोन्ही बिघडले. फेविकॉल खणातून वर आलं, वाळल्यावर गडद ठिपके राहिले. पुठ्ठे रात्रीतून पापडासारखे बाहेरच्या बाजूला वळले. आणि वही उघडली की पानं ताठ उभी राहतात, सपाट पडतच नाहीत. चूक नेमकी कुठे होतेय? आणि एका खणात कव्हरं किती निघतील?

पुठ्ठेवाला_शनिवारपेठ
पानांपासून सुरू करू, कारण तिथे चूक मापातच आहे. कागदातले तंतू एका दिशेने पडलेले असतात, त्याला ग्रेन म्हणतात. ही दिशा वहीच्या पाठीला समांतर हवी. झेरॉक्सच्या ए४ कागदात ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूने असतो. तो मधोमध दुमडून ए५ केलात की ग्रेन पाठीला आडवा जातो, म्हणून पानं स्प्रिंगसारखी उभी राहतात. कितीही वजन ठेवा, ती बसणार नाहीत.

सोपा उपाय म्हणजे ए६ वही करा. ए४ आधी आडवा कापून दोन ए५ तुकडे करा आणि मग प्रत्येक तुकडा दुमडा. आता ग्रेन आपोआप पाठीला समांतर येतो, आणि ४ ए४ कागदांतून ८ तुकड्यांची, म्हणजे १६ पानांची (३२ पृष्ठांची) वही होते. शंका असेल तर कागद हातात घेऊन न मोडता दोन्ही बाजूंनी नुसता वाकवून बघा. ज्या बाजूने सहज गोल होतो, ती वळणाची रेघ ग्रेनला समांतर. पुठ्ठ्यालाही हीच चाचणी, फक्त जोर जास्त लागतो. पुठ्ठ्याचा ग्रेनसुद्धा उभाच ठेवायचा, नाहीतर निम्मं वाकणं तिथूनच सुरू होतं.

मापं सांगतो. घडीची बाहेरची कड २ मिमी छाटली की वही १०३ × १४८ मिमी उरते. छाटायची का, तर ८ कागद एकात एक घातले की आतले कागद साधारण पाऊण मिमी बाहेर डोकावतात. पुठ्ठा दीड मिमीचा घ्या, २ मिमी या मापाला अवजड होतो. एकेक पुठ्ठा १०१ × १५४ मिमी, दोघांच्या मध्ये १२ मिमी मोकळी जागा, मध्ये पाठीची पट्टी नको. २ मिमीचाच पुठ्ठा वापरायचा असेल तर जागा १३ करा, नाहीतर कव्हर मिटताना पाठीला ताण येतो. चारही बाजूंना १५ मिमी मुडपायला धरलं तर कापड २४४ × १८४ मिमी लागतं. तुमच्या खणाचा पन्हा ७८ सेंमी असेल तर आडवी ३ आणि ८० सेंमी लांबीत उभी ४, म्हणजे १२ कव्हरं. अर्थात किनार सोडायची असेल तर तेवढा पन्हा कमी धरा.

कोपरा ४५ अंशांत कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून अडीच मिमी कापड सोडा. कमी सोडलं तर टोकाला पुठ्ठा उघडा पडतो, जास्त सोडलं तर गाठोडं होतं.

वाकण्याचं कारण असं: ओलं कापड वाळताना आकसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. आतून तितकीच ओढ द्यायला अस्तराचा कागद लागतो, तोही उभ्या ग्रेनचा आणि तशाच ओल्या चिकटीने लावलेला. पुठ्ठा किंचित बाहेर वळलेला असतानाच अस्तर लावलं तर तो सरळ होतो. नुसतं कव्हर करून रात्रभर तसंच सोडलं तर वळणारच. अस्तराला पुण्यातल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा पातळ कागद छान दिसतो. ती संस्था १९४०पासूनची आहे, आणि खऱ्या हातकागदाला ठळक ग्रेन नसल्यामुळे दिशेची कटकटही वाचते. जाड मात्र घेऊ नका, सांध्यावर तडकतो.

सुईदोरा_कोथरूड
फेविकॉल वर येण्याचं उत्तर कापडात आहे. खणाची वीण बंद दिसते, पण पातळ चिकट तिच्यातून आरपार जातं. शिवाय निम्मं पाणी म्हणजे फारच झालं. फेविकॉलचे १० भाग तर पाणी १ भाग पुरे. चिकट कापडाला लावायचं नाही, पुठ्ठ्याला लावायचं, तेही पातळ आणि एकसारखं. पडलेला डाग जात नाही, घासलं की उलट चमकतो, त्यामुळे ते दोन नमुने स्वतःसाठी ठेवा.

पण खरी युक्ती म्हणजे खणाला आधी पाठबळ देणं. शिंप्यांकडे पातळ पांढरं पेस्टिंग मिळतं, इस्त्रीने चिकटणारं. खण उलटा पसरा, पेस्टिंगची खरखरीत बाजू खाली, वर मलमलचा तुकडा, इस्त्री मध्यम. इस्त्री घासायची नाही, एका जागी १०-१२ सेकंद दाबायची आणि उचलून पुढे ठेवायची. घासली तर खणाचे उभे धागे सरकतात आणि नक्षी तिरकी होते. हल्ली बाजारातला बराचसा खण पॉलिस्टर मिसळलेला असतो, तेव्हा आधी कोपऱ्यावर करून बघा. कडा आकसल्या किंवा चकाकी आली तर तापमान कमी करा.

कापायच्या आधी पांढरं ओलं फडकं खणावर दाबून रंग जातो का ते बघा. लाल आणि जांभळा खण हमखास दगा देतो. आणि कापड मोजायचं ते नक्षीच्या ओळीवरून, कडेवरून नाही. गुळेदगुडच्या खणातल्या बारीक ओळी २ मिमी तिरक्या गेल्या तरी लगेच डोळ्यात भरतात.

शिवणीबद्दल एक, कारण वरच्या उत्तरात ते राहिलं. घडीबाहेर अस्तराचा कागद आणि त्याबाहेर ५० × १३० मिमी मलमलची पट्टी, हे तिन्ही एकत्र शिवा. पट्टी नसेल तर महिन्याभरात अस्तर सांध्यावर फाटून वही कव्हरातून सुटते. भोकं पाडायला जाड मासिक अर्धवट उघडून त्याच्या खोबणीत घडी ठेवा आणि आतून टोचा. मधलं भोक ७४ मिमीवर, टोकाची दोन्ही कडांपासून १५ मिमीवर. मधून बाहेर, वरच्यातून आत, थेट खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना यायला हवीत, मग गाठ. दोरा ४० सेंमी पुरतो. तो घडीच्या रेषेत ओढायचा. स्वतःकडे ओढलात तर भोक चिरतं. लिननचा दोरा नसेल तर क्रोशाचा २० नंबरचा सुती दोरा मेणावरून एकदा फिरवून घ्या. शिलाईचं साधं रीळ नको, तो बारीक दोरा कागद कापतो.

घडीवही
पुठ्ठेवाला, सुईदोरा, दोघांचेही आभार. आता ए६च करते. दोन उपप्रश्न: अस्तराला फेविकॉल लावलं की जागेवर बसवेपर्यंत वाळतं. त्याऐवजी मैद्याची खळ चालेल का, आणि त्यात मोरचूद घालायचं का? आणि वजन किती वेळ ठेवायचं?

पुठ्ठेवाला_शनिवारपेठ
खळ चालते, मोरचूद टाळा. जुने बाइंडर किडीसाठी घालत, पण ते विषारी आहे, आणि वही कुणाच्या घरी, कुणाच्या मुलांच्या हातात जाणार हे तुम्हाला ठाऊक नाही. २ मोठे चमचे मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, एकूण पाणी मैद्याच्या पाचपट. मंद आचेवर ढवळत राहा, पांढरेपणा जाऊन पारदर्शक झाली की उतरवा आणि गार झाल्यावर फडक्यातून गाळा. गरम खळ लावली तर कागद सुरकुततो. त्यात तितकंच फेविकॉल मिसळा, म्हणजे सरकवून बसवायला दोन-चार मिनिटं मिळतात आणि पकडही राहते.

सुईदोरा_कोथरूड
इथे माझं मत वेगळं. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात खळ वापरूच नये. दोन दिवस ओल राहते आणि खणाखाली बुरशी धरते, वास वहीभर बसतो. त्या दिवसांत नुसतं फेविकॉल, अस्तर एका वेळी एकाच बाजूचं. दिवाळीनंतर हवी तेवढी खळ वापरा.

वजन पूर्ण रात्र, घाई असेल तरी ८ तास. अस्तर आणि पानांच्या मध्ये प्लॅस्टिकचा किंवा मेणकागदाचा तुकडा सरकवायला विसरू नका, नाहीतर ओल आतल्या पानांत उतरून लाटा पडतात. वर-खाली कोरा कागद, त्यावर फळी, त्यावर पाटा. वर्तमानपत्र वापरलंत तर शाई खणावर उमटते. पुण्यात पाटा कुणाकडे उरला नसेल तर पाण्याने भरलेला कुकर चालतो.

चिंध्यांची_पेटी
थोडं अदलाबदलीबद्दल. वही आणि पुस्तकात ठेवायची कापडी खूण यांची बरोबरी कष्टांनी करा, किमतीने नाही. अशी एक वही सामान तयार असताना दीड-दोन तास घेते. त्याच्या बदल्यात गोधडीच्या टाक्याची खूण येणार असेल तर दोन खुणा मागा.

ती करायची तर ५ × १६ सेंमी: वर-खाली जुन्या सुती साडीचे तुकडे, मध्ये पातळ फ्लॅनेल. कापूस नको, पुस्तक फुगतं. कडेपासून ५ मिमीवरून आत-आत धावदोरा, इंचाला ५-६ टाके. शेवटची गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून घ्यायची, पृष्ठभागावर राहिली तर पानावर वळ उमटतो. नवं कापड असेल तर धुऊन खळ काढल्याशिवाय कापू नका, पहिल्याच धुण्यात आखडतं.

पाठवताना आणखी एक: वहीच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याचा तुकडा आणि बाहेर प्लॅस्टिकची पिशवी. नुसत्या लिफाफ्यात कोपरे हमखास दबतात. आणि आत चिठ्ठीवर कापड कोणतं, रंग जातो की नाही, चिकट कोणतं वापरलं हे लिहा. घेणारीला पुसायचं कसं हे कळतं, आणि खळ असेल तर ती वही कपाटात ओल्या भिंतीला टेकवून ठेवणार नाही.