मदत हवी आहे: १८ भागिले ५७ चे .९४७ कसे होतात?

मंडळी, क्रिकेटवर वाढलेल्या डोक्यात बेसबॉलचा हिशोब शिरत नाहीये. ऑफिसात सोमवारी क्विझ आहे आणि 'एका मोसमात सर्वाधिक विजय-टक्केवारी असलेले पिचर' (पिचर म्हणजे बेसबॉलचा बोलर) हा विषय माझ्या गळ्यात पडलाय.

यादीत पहिला रॉय फेस. पिट्सबर्ग पायरेट्स, १९५९, १८ विजय, १ पराभव, .९४७. मग क्लीव्हलँडचा जॉनी ॲलन, १९३७, १५-१. खाली १९९५चे दोघं, ग्रेग मॅडक्स (१९-२) आणि रँडी जॉन्सन (१८-२), आणि १९७८चा रॉन गिड्री (२५-३).

पण फेस त्या वर्षी ५७ सामने खेळलाय! १८ भागिले ५७ केलं तर ३२ टक्केसुद्धा भरत नाहीत. बरं, टॉम झॅकरी १९२९ला यांकीजकडून १२-० होता, म्हणजे चक्क शंभर टक्के. तो यादीत का नाही? एक्सेलचं सूत्र तीनदा तपासलं. चूक माझीच असणार, पण कुठे?

शॉर्टलेग: ५७ नं नाही, १९ नं (१८ विजय + १ पराभव) भागा. सामन्यात दोन्हीकडून कितीही पिचर येऊन जावोत, विजय एकाच्याच नावावर चढतो आणि पराभवही एकाच्याच. बाकीच्यांच्या खात्यात त्या दिवशी या दोन्हींपैकी काही नाही. फेस रिलीव्हर, म्हणजे सुरुवातीच्या पिचरच्या जागी मधेच येणारा, होता, १८ च्या १८ विजय मधेच येऊन मिळवलेले. उरलेल्या ३८ सामन्यांत तो ना जिंकला ना हरला. झॅकरीचं म्हणाल तर अशा याद्यांना बहुधा किमान १५ निकालांची (विजय अधिक पराभव) अट असते, त्याचे भरले १२. अट नसती तर एकच सामना जिंकून घरी बसलेला कुणीही पहिला आला असता.

तिखटमीठ: यात एक गंमत आहे. संघानं शेवटपर्यंत टिकलेली आघाडी घेतली तेव्हा जो पिचर खेळात होता, विजय साधारणपणे त्याचा. (सुरुवात करणाऱ्याला मात्र पाच डाव टाकावे लागतात.) त्यामुळे रिलीव्हर आघाडी राखायला आला, धावा देऊन बरोबरी करून बसला आणि मग त्याच्याच बॅटर्सनी सामना काढून दिला, तरी विजय बहुतेक वेळा त्यालाच! उलट बाजूला जेकब डिग्रॉम बघा. २०१८ला मेट्सकडून ईआरए (दर नऊ डावांमागे पिचरच्या नावावर धरलेल्या धावांची सरासरी, कमी तितकी चांगली) १.७०, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही मिळाला, पण विजय-पराभव १०-९. नोलन रायनचं तर १९८७ला ईआरए लीगमध्ये सर्वात कमी, आणि खात्यात ८-१६. माझं विचाराल तर या यादीवरून पिचर जोखू नका, क्विझपुरतीच ठेवा.

धागाकर्ता: आत्ता पेटली ट्यूब! दोघांचे आभार. एक शेवटचं, ॲलनचा तो एकुलता एक पराभव कधीचा?

शॉर्टलेग: मोसमाच्या शेवटच्या दिवशीचा. १५-० घेऊन डेट्रॉइटविरुद्ध उतरला आणि १-० नं हरला.

धागाकर्ता: अरेरे. क्विझचा शेवटचा प्रश्न मिळाला.