फ्रिजचा नंबर आणि केळीवरचा हरण्या

बी-१०३ (संध्या. ७:४०)
सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाचं असं व्हायला नको. दुपारी आमचा फ्रिज बंद पडला. बाहेर ४४ डिग्री, आत दूध आणि नातवाचं औषध. घाईघाईत मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून 'कस्टमर केअर नंबर' शोधला आणि सगळ्यात वर आला तो लावला. पलीकडचा मुलगा फार आदराने बोलला. म्हणे १० रुपये रजिस्ट्रेशन, बाकी मेकॅनिक आल्यावर. एक ॲप घ्यायला लावलं, त्यावरचा नऊ आकडी कोड विचारला, मी सांगितला. त्या कोडने तो तिकडे बसून माझा फोन चालवू शकतो, हे मला नंतर कळलं. मग फोन ओट्यावर ठेवून दूध तापवायला घेतलं. तेवढ्या वेळात खात्यातून १८,५०० गेले.

सी-२०१ (७:४४)
अरे माय! काय व्हयनं हे. वहिनी, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला का? पैसे गेल्यावर पहिला तासच कामाचा असतो.

बी-१०३ (७:४६)
हो आप्पा, ए-४०२ चे भाऊ धावत आले, त्यांनीच लावून दिला. बँकेने खातं थांबवलंय. मला एकच कळत नाही, तो नंबर सगळ्यात वर होता. वर आहे म्हणजे खरा असणार, असंच वाटलं मला.

ए-४०२ (८:२५)
काकू, तुमची चूक नाही. तुमची समजूत काढायला म्हणत नाहीये. वर आलेलं खरं असतं ही सवय लोकांना माझ्यासारख्यांनीच लावली. २००२ ते २०११ मी नेट कॅफे चालवला. बारावीच्या निकालाला रस्त्यापर्यंत रांग लागायची. माणसं मागून सांगायची, "भो, तो पहिलाच दाब." आणि पहिलाच बरोबर निघायचा. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, मेसेज लांब होईल.

सुरुवातीची अल्टाव्हिस्टासारखी सर्च इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द बघायची. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल काढलं, त्यांनी वेगळा हिशेब लावला. एका पानाने दुसऱ्या पानाची लिंक दिली की ते एक मत. आणि ज्याला स्वतःलाच भरपूर मतं आहेत त्याच्या मताला वजन जास्त. आपल्याकडे चांगला वैद्य कोण हे पाटी वाचून कळत नाही, चार गावची माणसं कोणाकडे जातात त्यावरून कळतं, तसंच. माणसं मनापासून पानं लिहीत होती, एकमेकांना लिंका देत होती, तोवर हे फार छान चाललं. पण हिशेब कसा लागतो हे कळल्यावर खोट्या पाट्या आणि विकत घेतलेली मतं यांचा धंदाच उभा राहिला.

१९९८ च्याच आपल्या शोधनिबंधात पेज आणि ब्रिन यांनी लिहून ठेवलंय की जाहिरातीवर चालणारं सर्च इंजिन ग्राहकापेक्षा जाहिरातदाराकडेच झुकणार. २००० मध्ये त्यांनी स्वतःच शोधासोबत जाहिराती सुरू केल्या. आज वरच्या ओळींवर 'प्रायोजित' लिहिलेलं असतं, पण इतकं बारीक की काकूंना चष्म्याशिवाय दिसणार कसं? खोटा नंबर कधी जाहिरातीतून येतो, कधी नकाशावरच्या नोंदीत कोणीतरी बदल सुचवून घुसवतो. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये फसवणुकीच्या प्रकारांवर पुस्तिका काढली, तिच्यात सर्च इंजिनवरून होणाऱ्या फसवणुकीचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त घरात बसलेल्या माणसापर्यंत कोणी पोचवत नाही. याचा मला खरंच राग येतो.

ए-३०१ (८:३१)
भाऊ, मग दुसरं सर्च इंजिन का नाही वापरत लोक?

ए-४०२ (८:३८)
कारण फोन घेतो तेव्हा ते आधीच बसवलेलं असतं. अमेरिकेत यावर खटला झाला. ५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की गूगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून असावं म्हणून गूगलने एकट्या २०२१ सालात २६.३ अब्ज डॉलर वाटल्याचं त्यात उघड झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये पुढचा आदेश आला. गूगलला आपला क्रोम ब्राउझर विकायला लावला नाही, पण दुसऱ्याला दारच बंद होईल असे करार करायला मनाई केली. आणि दुसरीकडे गेलात तरी प्रश्न सुटत नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी 'कोणती वस्तू चांगली' छापाचे ७,३९२ शोध तीन सर्च इंजिनांवर वर्षभर तपासले. वर येणारी पानं सरासरीने सर्चमध्ये वर यावं म्हणून जास्त सजवलेली, वस्तू विकली की कमिशन मिळवणारी आणि मजकुरात हलकी निघाली.

सी-१०२ वहिनी (८:४१)
हे मला पटतं. मागे भरताची कृती मुंबईच्या भाचीला पाठवायला शोधत होते. दहा पानं उघडली, सगळीकडे तेच परिच्छेद, 'वांगे ही आरोग्यदायी भाजी आहे'. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, बडजीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायची, हे एकाही पानावर नाही. शेवटी मीच बोलून रेकॉर्ड करून पाठवलं.

सी-२०१ (८:५२)
माझंही ऐका. यावलकडच्या शेतात केळीच्या पानांवर पिवळट पट्टे दिसले. आम्ही त्याला हरण्या म्हणतो. मोबाइलवर 'हरण्या' टाकलं तर हरणांचे फोटो. मग 'केळी पाने पिवळी पट्टे' टाकलं. आलेलं पान मराठीत होतं, पण वाचून डोकं दुखलं, भाषांतर मशीनने केलेलं. त्यात करपा आणि हरण्या एकत्र कालवलेले. बुरशीनाशकाच्या दोन फवारण्या सांगितल्या होत्या आणि खाली विकत घ्यायचं बटण. करपा बुरशीचा, त्याला फवारणी चालते. हरण्या म्हणजे व्हायरस, तो मावा ही कीड पसरवते. त्यावर कितीही फवारा, झाड बरं होत नाही, उपटून नष्टच करावं लागतं. हे मला जळगावच्या केळी संशोधन केंद्रातल्या माणसाने फोटो बघून दोन मिनिटांत सांगितलं. मला विचारायला जागा माहीत होती. माझ्या शेजारचा पोरगा फवारत बसला आणि शेजारच्या रोपांना रोग लागला.

ए-३०१ (८:५८)
आप्पा, मी तर आता सर्च करतच नाही, सरळ एआयला विचारतो. मराठीत नीट उत्तर देतो.

सी-२०१ (९:०१)
हरण्या विचार बरं त्याला.

ए-३०१ (९:०६)
विचारलं. भाषा एकदम छान, पण फवारणीच सांगतोय.

ए-४०२ (९:१५)
बाळा, तो शिकतो कुठून? त्याच पानांवरून. मे २०२४ मध्ये गूगलच्या एआय उत्तराने पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालायला सांगितलं होतं. मूळ काय, तर कोणीतरी अकरा वर्षांपूर्वी चेष्टेत लिहिलेली एक ओळ. आधी दहा पानं समोर यायची, वाचणारा निदान ताडून बघायचा. आता एकच उत्तर, तेही ठामपणे.

मला खरी काळजी पुढची आहे. प्यू या अमेरिकी संस्थेने मार्च २०२५ मधल्या ९०० लोकांच्या वापरावरून सांगितलं की वर एआयचा सारांश आला की निकालातली लिंक उघडण्याचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येतं. पानावर कोणी आलंच नाही तर लिहिणारा कशाला लिहील? इंग्रजीत ढीगभर आहे, त्यांचं काही काळ भागेल. आपल्या हरण्याबद्दल, बडजीबद्दल मुळात लिहिलेलंच किती आहे? अहिराणीचं तर विचारूच नका.

सी-१०२ वहिनी (९:२०)
मग भरताचं मी लिहून काढते. विकिपीडियावर कसं टाकायचं ते तेवढं रविवारी शिकवा.

ए-४०२ (९:२४)
नक्की. आप्पा, तुम्ही हरण्या आणि करप्याचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाठवा, मी ते नीट मांडतो. आणि आजपासून एवढं करा. नंबर कधीही शोधून लावू नका, बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर छापलेला असतो तोच लावा. सरकारी कामासाठी पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का बघा. गूगलच्या निकालांच्या वर 'वेब' असा पर्याय असतो, कधी 'आणखी'मध्ये दडलेला. तो दाबला की एआयचं उत्तर जातं, नुसत्या लिंका राहतात.

सी-३०४ सचिव (९:३०)
गॅस, वीज, लिफ्ट, पाण्याचा टँकर, बँका, सगळ्यांनी घरातल्या बिलांवरचे नंबर फोटोसह मला पाठवा. तपासून यादी लिफ्टशेजारी लावतो. वरती १९३० मोठ्या अक्षरात.

बी-१०३ (९:४८)
वॉरंटी कार्ड कपाटात सापडलं. मागे नंबर छापलाय. लावला, उद्या ११ ला माणूस येतोय. दूध आणि औषध ए-४०२ च्या फ्रिजमध्ये ठेवलंय.