२६ जुलै, आजी-आजोबा दिन: मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) कोण येणार, कसं आणायचं (आमच्या वसईतल्या आळीचा ग्रुप)

आळी समन्वयक: सर्वांना प्रभूची शांती. २०२६ मध्ये जुलैचा चौथा रविवार नेमका २६ तारखेला आलाय. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली सुरू केलेला आजी-आजोबांचा जागतिक दिन आणि येशूचे आजी-आजोबा संत योवाकिम-संत ॲना यांची तारीख, दोन्ही एकाच दिवशी. सकाळी ८ ची मिस्सा. सत्काराला शाली आणायच्या की छत्र्या, बोला.

नर्सताई: ते नंतर बघू काका, आधी यादी करा. तीन रकाने पाडा: चालत येणारे, व्हीलचेअरवरून आणायचे, घरीच असणारे. तिसरा रकाना सगळ्यात आधी भरा. सत्कार नेहमी पहिल्या रकान्यातल्यांचा होतो आणि अंथरुणावरची माणसं राहून जातात.

वाचक मंडळ: पहिलं वाचन बायबलच्या सिराख पुस्तकातलं घेऊया का? आईवडिलांच्या मानाचं, तिसरा अध्याय.

कॉयर: ते पवित्र कुटुंबाच्या सणाला येतं. २६ ला चर्चच्या पंचांगात सामान्य काळातला १७ वा रविवार आहे, योवाकिम-ॲनांचा स्मरणदिन त्याच्याखाली झाकला जातो. म्हणून फादरांची वस्त्रं हिरवीच आणि वाचनं रविवारचीच: शलमोनाची प्रार्थना, रोमकरांस ८, मत्तय १३ मधला शेतात पुरलेला ठेवा. आजी-आजोबांसाठी श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत दोन विनंत्या घाला. नातवंडांनी वाचल्या तर फारच छान, पण शनिवारी माइकवर एकदा तालीम करून घ्या.

युवक: शुगरवाल्यांनी कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) घेण्याआधी एक तास उपाशी राहायचं का?

विशेष सेवक (घरोघरी कम्युनियन नेणारे): नाही. म्हातारी माणसं, आजारी आणि त्यांची काळजी घेणारे यांना तो एक तासाचा नियम लागू नाही. कृपया घरोघरी सांगा. इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी कुणी बाकावर बसू नये. पाणी आणि औषधाने तर उपास कुणाचाच मोडत नाही. लघवीच्या गोळीची वेळ मात्र आपल्या मनाने बदलू नका, डॉक्टरांना विचारा आणि जागा बाथरूमजवळची धरा.

युवक: पायऱ्यांवर फळ्या टाकून उतार करतो.

नर्सताई: नको रे बाबा. एक इंच उंचीला बारा इंच लांबी लागते. सहा इंचाच्या तीन पायऱ्या म्हणजे अठरा फूट. आखूड फळी, वर पावसाची ओल, खुर्ची घसरणारच. बाजूच्या दाराला एकच पायरी आहे, तिथे पक्का सहा फुटी उतार करा, वर काथ्या बांधा. उतरताना खुर्ची उलटी, माणसाची पाठ उताराकडे. थांबलं की आधी ब्रेक. आणि कानाचं मशीन असणाऱ्यांना स्पीकरसमोर बसवू नका.

आळी समन्वयक: आजाऱ्यांना तेल लावायचा संस्कारही त्याच मिस्सात?

विशेष सेवक: फादर हो म्हणाले तर प्रवचनानंतर होतो. कपाळाला आणि दोन्ही हातांना तेल लावतात, ते फक्त धर्मगुरूच. साठी उलटली म्हणून सरसकट सगळ्यांनी रांग लावायची नसते. गंभीर आजार असावा, नाहीतर वयाने शरीर खरंच थकलेलं असावं. आधी घेतला असेल तरी तब्येत खालावली की पुन्हा घेता येतो. हा संस्कार म्हणजे शेवट जवळ आला, असं घरात कुणी बोलू नका. त्या भीतीने बोलवायला उशीर होतो. पापनिवेदनासाठी शनिवारी संध्याकाळी फादरांना वेळ मागून ठेवा.

घरी असणाऱ्यांकडे मिस्सानंतर आम्ही कम्युनियन घेऊन येतो. टेबलावर धुतलेलं पांढरं कापड, क्रूस, पेटवलेली मेणबत्ती, पेलाभर पाणी एवढं तयार ठेवा. टीव्ही बंद. गिळायला त्रास असेल तर आधी कळवा, छोटासा तुकडा देऊन मागून चमचाभर पाणी पाजता येतं. घनपदार्थ अजिबात चालत नसेल तर पवित्र रक्ताची (मिस्सात अर्पण केलेल्या द्राक्षारसाची) सोय फादर करतात. दारात गप्पांना थांबवू नका, आमच्या डबीत कम्युनियन, म्हणजे प्रभू असतो. ‘मिस्सा चुकली’ म्हणून जी आजी मनात झुरते, तिला सांगा की अंथरुणावरच्याला ते पाप लागत नाही.

गृहिणी: सत्काराचं काय? चाळीसजण वेदीपाशी आले तर एकेक मिनिट धरलं तरी चाळीस मिनिटं.

कॉयर: जागेवरच करा. शेवटच्या आशीर्वादाआधी नातवंडं बाकापाशी जाऊन एकेक सोनचाफा देतील. तेवढ्यात आमचं एक गीत होतं.

गृहिणी: फुलं पहाटे खुडलेलीच घ्या, देठाला धरून. पाकळीला बोट लागलं की तासाभरात तिथे तपकिरी डाग उठतो. केळीच्या पानावर एकेरी मांडून डब्यात ठेवते. पन्नास सांगते, दहा घरच्यांसाठी. नाश्त्याला मऊ इडली आणि बिनसाखरेचा चहा वेगळ्या थर्मासात.

आळी समन्वयक: ठरलं. शालीचे पैसे रिक्षांना वापरू. बुधवारी रात्रीपर्यंत तिसऱ्या रकान्यातली नावं विशेष सेवकांना वैयक्तिक पाठवा, आजाराचा तपशील ग्रुपवर टाकू नका.

नर्सताई: आणि नाव देण्याआधी त्या माणसाला विचारा, यायचंय की घरीच हवंय.