पीटीपी जुळले, तरी संगणकाची वेळ ३७ सेकंद पुढे

प्रश्न: आमच्या चार लिनक्स संगणकांवर पीटीपीफोरएल (नेटवर्कवरून घड्याळे अचूक जुळवणाऱ्या पीटीपी या पद्धतीचा प्रोग्राम) चालू असून नेटवर्क कार्डाच्या घड्याळातील फरक १०० नॅनोसेकंदांच्या आत दिसतो, तरीही सिस्टीमची वेळ बरोबर ३७ सेकंद पुढे येते आणि मधूनच अचानक मागे उडी घेते. चूक कुठे शोधावी?

उत्तर: ३७ हा आकडाच कारण सांगतो. पीटीपी सहसा टीएआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुवेळ, वाहून नेते आणि ती १ जानेवारी २०१७ पासून यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, ३७ सेकंद पुढे आहे. कार्डाची वेळ सिस्टीमच्या घड्याळात उतरवणारा प्रोग्राम, पीएचसीटूसिस, ‘-डब्ल्यू’ पर्यायाशिवाय हाताने सुरू केला असेल, तर त्याला हा फरक पीटीपीफोरएलकडून कळत नाही आणि तो टीएआयच जशीच्या तशी लिहू शकतो. ग्रँडमास्टर, म्हणजे नेटवर्कला वेळ पुरवणारे मुख्य घड्याळ, हा फरक वैध म्हणून जाहीर करते ना, हेही पाहावे. ही बाब फार वेळा सुटते.

दुसरे उत्तर: उड्यांचे कारण मात्र वेगळे वाटते. क्रोनीडी, म्हणजे सिस्टीमची वेळ नेटवर्कवरून जुळवणारा दुसरा प्रोग्राम, चालूच राहिले आहे का? एकाच घड्याळाचे काटे दोघे फिरवू लागले, तर वेळ स्थिर राहणार नाही.

प्रश्नकर्ता: क्रोनीडी खरोखरच चालू होते. ते बंद करून ‘-डब्ल्यू’ जोडल्यावर दोन्ही तक्रारी मिटल्या. मनःपूर्वक आभार.