वॅट, लुमेन, केल्विन... बल्बच्या खोक्यावरचं नक्की काय बघायचं?

अनघा_के
आईला वाचायला टेबलाशी उजेड कमी पडतोय म्हणून बल्ब बदलायचाय. दोन खोकी समोर ठेवलीयेत, दोन्ही ९ वॅट एलईडी, पण एकावर ८१० लुमेन २७०० केल्विन लिहिलंय आणि दुसऱ्यावर ९९० लुमेन ६५०० केल्विन, शिवाय सीआरआय ८० का काहीतरी. वॅट सारखेच मग लुमेन वेगळे कसे? आणि ६५०० म्हणजे जास्त उजेड का? आधी ६० चा बल्ब, १०० चा बल्ब एवढं म्हटलं की भागायचं. जरा सोप्या भाषेत सांगा ना कुणीतरी.

वायरमन_दादा
ताई, वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो ते, उजेड किती देतो ते नाही. उजेड लुमेनमध्ये मोजतात. पूर्वी सगळे तारेचेच बल्ब होते त्यामुळे वॅटवरून उजेडाचा अंदाज यायचा, ६० वॅट म्हणजे साधारण ८०० लुमेन हे ठरलेलं. ती तार बहुतेक वीज उष्णतेत घालवायची, तेवढाच उजेड एलईडी ८-९ वॅटमध्ये देतो. तुमच्या बल्बांचं बघा, ८१० भागिले ९ म्हणजे वॅटमागे ९० लुमेन, दुसऱ्याचे ११०. बिल दोघांचं सारखंच येणार, एक युनिट म्हणजे १००० वॅटतास, म्हणजे ९ वॅटचा बल्ब एका युनिटवर १११ तास चालतो, जुना ६० चा जेमतेम १७ तास.

रंगछटा
केल्विनचा उजेडाच्या जास्त-कमीशी संबंध नाही, तो रंग आहे. २७०० पिवळसर, ४००० मधला पांढरा, ६५०० निळसर पांढरा. लोखंड तापवलं की आधी लाल मग पिवळं मग पांढरं होतं ना, त्या क्रमातनंच हा आकडा आलाय, म्हणून आकडा वाढला की उजेड "थंड" दिसतो, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. निळसर उजेड डोळ्याला जास्त लख्ख वाटतो आणि म्हणून लोक ६५०० ला जास्त उजेडाचा समजतात, पण तुलना लुमेननेच करायची.
आणि सीआरआयकडे प्लीज दुर्लक्ष करू नका, त्याकडे कुणीच बघत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा तो आकडा, १०० पैकी. जुन्या तारेच्या बल्बचा जवळजवळ १०० असायचा. ८० चालतो, पण लाल रंग मेल्यासारखे दिसतात, माणसांचे चेहरेसुद्धा फिके वाटतात. ९० च्या वरचा मिळाला तर तोच घ्या.

लक्समीटर
वरचं सगळं बरोबर आहे पण अनघाताईंचा खरा प्रश्न लुमेनने सुटणार नाही, तो लक्सचा आहे. लुमेन म्हणजे बल्बमधून एकूण किती प्रकाश निघाला, लक्स म्हणजे पुस्तकाच्या पानावर त्यातला किती पोचला, १ लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर १ लुमेन. आता हिशोब बघा, ८०० लुमेनचा उघडा बल्ब चहूकडे सारखा पसरतो असं धरलं तर २ मीटर खाली टेबलावर थेट फक्त १६ लक्स येतात, भिंती-छतावरून परतून येतो तो वेगळा. वाचायला ३०० ते ५०० लक्स लागतात. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, तोच बल्ब अर्ध्या मीटरवर आणला तर २५६ लक्स झाले, वरून शेड लावली तर बाजूला आणि वर वाया जाणाराही पानाकडे वळतो. म्हणून छताचा बल्ब ९ चा काढून १५ चा लावण्यापेक्षा एक छोटा टेबल लॅम्प घ्या, ४००-५०० लुमेनचा पुरे. वयानुसार डोळ्याची बाहुली लहान राहते, भिंगही पिवळसर होत जातं, त्यामुळे आईंना तुमच्यापेक्षा जास्त उजेड लागणारच, त्यांची तक्रार अगदी खरी आहे.

अनघा_के
बापरे, १६ लक्स! म्हणजे इतके दिवस बल्ब नाही, जागाच चुकीची होती. मग टेबल लॅम्पमध्ये केल्विन किती घेऊ? संध्याकाळीच वाचते ती, झोपायच्या आधी.

रंगछटा
मग २७०० किंवा ३०००. रात्री निळसर उजेड झोपेच्या आड येतो. फक्त उजेड थेट डोळ्यात जाता कामा नये, शेडची कड डोळ्यांच्या खाली असू दे.

लक्समीटर
मोजून बघायचं असेल तर फोनवर लक्स मोजायचं ॲप टाका, सेन्सर बहुतेक फोनांत स्क्रीनच्या वरच्या कडेला असतो, म्हणून फोन पानावर उताणा ठेवायचा आणि आपली सावली त्यावर पडू द्यायची नाही. आकडा अगदी अचूक नसतो पण ५० आणि ३०० मधला फरक नक्की कळतो. आईंना नेहमीच्या खुर्चीत बसवूनच मोजा, कारण पुस्तक धरल्यावर हाताची सावली कुठून येते तेही तेव्हाच दिसेल, उजव्या हाताने लिहीत असतील तर दिवा डावीकडे.